चित्रमय विश्वाचा निर्माता

अक्षरओळखही न झालेले तीन-चार वर्षांचे मूल आईच्या मांडीवर बसून चित्रांचे पुस्तक पाहू लागले, की किती रंगून जाते! कावळ्याच्या चित्रावर बोट ठेवून ते त्याचे नाव घेते, त्याच्यासारखा आवाज काढते आणि लगेच पुढचे पान उलटू पाहते. आई चित्राचे नाव सांगते, चित्राखालच्या शब्दावरून बोट फिरवते, दोन-चार प्रश्न विचारते. असे पुनःपुन्हा झाले, की चित्राखालच्या काळ्या खुणा म्हणजे आपण उच्चारलेले नावच होय, हे त्या बालकाच्या ध्यानात हळूहळू येऊ लागते. शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच त्याच्या वाचनाचा श्रीगणेशा झालेला असतो.

आज ही गोष्ट अगदी साधी वाटते. परंतु सतराव्या शतकातील युरोपात तसे नव्हते. तेथे विद्या म्हणजे लॅटिन भाषा आणि लॅटिन म्हणजे व्याकरणाच्या नियमांची घोकंपट्टी, अशी समजूत होती. मुलांनी न समजलेले शब्द पाठ करावेत, चुकल्यास छडी खावी आणि वर्षानुवर्षे त्याच चक्रात फिरावे, हीच बहुतेक शाळांची रीत होती. ही रीत चुकीची आहे, मुलाला आधी वस्तू दाखवावी व मग शब्द शिकवावा, असे आग्रहाने सांगून त्यासाठी सचित्र पुस्तक रचणारा थोर शिक्षक म्हणजे आमोस कोमेनियस. त्याचे पाळण्यातले चेक नाव यान. लॅटिन ग्रंथांमुळे जगाला तो कोमेनियस या नावाने परिचित झाला.

कोमेनियसचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोराव्हिया प्रांतात झाला. हा प्रांत आज चेक प्रजासत्ताकात आहे. त्याचे आईवडील बंधुसंघ नावाच्या एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे अनुयायी होते. साधी राहणी, परस्परांना साहाय्य आणि मातृभाषेतून धर्मग्रंथाचे वाचन यांवर या पंथाचा भर असे. अशा घरात आमोसचे बालपण सुखात जावयाचे. पण दैवाला ते मान्य नव्हते. तो दहा-बारा वर्षांचा होतो न होतो तोच त्याचे वडील वारले. पाठोपाठ आई आणि दोन बहिणीही गेल्या. पोरक्या आमोसला आत्याने आपल्या घरी नेले. पुढे ते गावही सैन्याच्या धाडीत जळाले आणि त्याचे शिक्षण थांबले.

सोळाव्या वर्षी प्शेरोव्ह येथील लॅटिन शाळेत त्याचा प्रवेश झाला. वर्गातील इतर मुले त्याच्याहून पुष्कळच लहान होती. त्यांच्यामध्ये हा थोराड विद्यार्थी बसे. वयाने मोठा असल्यामुळे, लहान मुले मुकाट्याने सोसत ते त्याला उघड दिसू लागले. मुले शब्द पाठ करतात, पण त्यांचा अर्थ त्यांना ठाऊक नसतो. शिक्षक नियम सांगतात, पण तो नियम कशासाठी हे कोणी सांगत नाही. बुद्धिमान मुलांचीही भीतीने बोबडी वळते. शाळेचे हे चित्र त्याच्या मनावर कायमचे कोरले गेले.

पुढे जर्मनीतील हेरबोर्न आणि हाइडेलबर्ग येथील विद्यापीठांत त्याने अध्ययन केले. ग्रंथांचा त्याला विलक्षण लोभ होता. सूर्याभोवती पृथ्वी फिरते, असे प्रतिपादन करणाऱ्या कोपर्निकसच्या ग्रंथाचे मूळ हस्तलिखित त्याने १६१४ साली हाइडेलबर्ग येथे विकत घेतले. त्याच वर्षी त्याने तेथून प्रागपर्यंतचा लांबचा प्रवास पायी केला. मायदेशी परतल्यावर तो आपल्या जुन्या शाळेतच शिक्षक झाला. १६१६ साली त्याने धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि दोन वर्षांनी फुल्नेक या गावी धर्मोपदेशक व शाळेचा प्रमुख अशी दुहेरी जबाबदारी स्वीकारली. त्याच सुमारास त्याचा विवाह झाला. घरात मुलेबाळे, हाती आवडीचे काम आणि भोवती प्रेमळ माणसे. आता आयुष्य स्थिरावले असे त्याला वाटले असेल.

पण १६१८ साली युरोपात धर्माच्या आणि सत्तेच्या वादातून युद्धाचा वणवा पेटला. तो तीस वर्षे विझला नाही. १६२० साली प्रागजवळील श्वेतगिरीच्या लढाईत चेक सरदारांचा पराभव झाला आणि बंधुसंघाच्या लोकांवर आपत्ती कोसळली. फुल्नेक लुटले गेले. धर्मोपदेशकांची धरपकड सुरू झाली, तेव्हा कोमेनियसला घरदार सोडून लपावे लागले. १६२२ साली पटकीसारख्या भयंकर साथीत, म्हणजे प्लेगात, त्याची तरुण पत्नी आणि दोन्ही लहान मुले मृत्युमुखी पडली. पाठोपाठ त्याचा ग्रंथसंग्रहही फुल्नेकच्या चौकात जाळण्यात आला. तिशीच्या आरंभीच त्याने आईबाप, पत्नी, मुले, घर आणि पुस्तके असे सर्व काही गमावले होते.

असे आघात झाल्यावर एखादा माणूस जगावर रागावला असता. कोमेनियस मात्र निराळाच विचार करू लागला. माणसे एकमेकांचा जीव घेतात, याचे मूळ अज्ञानात आहे. आणि अज्ञान दूर करावयाचे तर लहान मुलांपासूनच आरंभ केला पाहिजे, अशी त्याची खात्री पटत गेली. त्याने आपला शोक लेखणीत ओतला. लपून राहत असतानाच शिक्षणावरील एक पुस्तक त्याच्या वाचनात आले आणि आपल्या मातृभाषेतही असा ग्रंथ असावा, या विचाराने त्याने लेखनास आरंभ केला. आपला देश पुन्हा स्वतंत्र होईल, पडलेल्या शाळा पुन्हा उभ्या राहतील आणि त्या वेळी हा ग्रंथ उपयोगी पडेल, अशी आशा त्याच्या मनात होती.

ती आशा फळाला आली नाही. धर्म बदला अथवा देश सोडा, अशी आज्ञा निघाली. १६२८ च्या हिवाळ्यात, ऐन थंडीत, कोमेनियस आपल्या दुसऱ्या पत्नीसह आणि इतर धर्मबांधवांसह डोंगर ओलांडून पोलंडमधील लेश्नो या गावी गेला. मायभूमीचे दर्शन त्याला पुढे क्वचितच घडले आणि तेथे घर करून राहणे तर कधीच साधले नाही. पुढील बेचाळीस वर्षे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशीच त्याची स्थिती होती.

लेश्नो येथे तो शाळेत शिकवू लागला. तेथेच त्याने शिक्षणाचा संपूर्ण आराखडा तयार केला. जन्मापासून सहाव्या वर्षापर्यंत आईची शाळा, सहा ते बारा मातृभाषेची शाळा, बारा ते अठरा लॅटिन शाळा आणि त्यानंतर विद्यापीठ, असे चार टप्पे त्याने पाडले. शिक्षण श्रीमंतांपुरते किंवा मुलांपुरतेच नसावे. गरिबांच्या मुलांना आणि मुलींनाही ते मिळाले पाहिजे, असे त्याने निक्षून सांगितले. त्या काळी हा विचार धाडसाचा होता.

या चार टप्प्यांपैकी पहिल्या टप्प्यावर त्याचा विशेष जीव होता. आईची शाळा म्हणजे कोठली इमारत नव्हे. प्रत्येक घर हीच ती शाळा. सहा वर्षांच्या आतील मुलाला शाळेत डांबू नये. त्याचे शिक्षण खेळत, बोलत, पाहत व्हावे, असे त्याचे मत होते. १६३० च्या सुमारास त्याने खास आईबापांसाठी एक पुस्तक लिहिले. पाणी, पाऊस, दगड, झाडे ही मुलाला कशी ओळखू द्यावीत, स्वतःच्या अवयवांची नावे कशी सांगावीत, काल, आज आणि उद्या यांचा भेद कसा समजावून द्यावा, गोष्टी कशा सांगाव्यात, हे सारे त्यात सोप्या रीतीने मांडले आहे.

आईच्या शाळेतील मुलाच्या हाती चित्रांचे एक पुस्तक द्यावे, अशी सूचनाही त्याने आपल्या शिक्षणविषयक महाग्रंथात केली. त्याची तीन कारणे त्याने दिली आहेत. चित्रामुळे वस्तूचा ठसा मुलाच्या मनावर पक्का उमटतो, हे पहिले कारण. पुस्तकात आनंद असतो, हे लहानपणीच कळल्यामुळे मुलाला पुस्तकाची गोडी लागते, हे दुसरे. आणि प्रत्येक चित्राजवळ त्याचे नाव लिहिलेले असल्यामुळे मूल सहजगत्या वाचावयास शिकते, हे तिसरे. वाचनाचा आरंभ कसा करावा, यासंबंधी आजचे शिक्षकही मुळात याहून फार निराळे सांगत नाहीत. पण असे पुस्तक त्या वेळी होते कोठे? ते त्यालाच रचावे लागणार होते, आणि त्याला अजून वीस-पंचवीस वर्षांचा अवधी होता.

दरम्यान १६३१ साली त्याने लॅटिन शिकण्यासाठी एक पुस्तक प्रसिद्ध केले. सुमारे आठ हजार शब्द एक हजार वाक्यांत गुंफून त्याने सृष्टीतील आणि व्यवहारातील नाना विषयांची माहिती शंभर प्रकरणांत दिली होती. या पुस्तकाने त्याचे नाव युरोपभर झाले. अनेक भाषांत त्याची रूपांतरे झाली. १६४१ साली त्याला इंग्लंडमध्ये बोलावण्यात आले. पण तेथे यादवी युद्ध सुरू झाल्याने त्याला परतावे लागले. स्वीडनच्या शाळांसाठीही त्याने काही वर्षे पाठ्यपुस्तके लिहिली. १६४८ साली तीस वर्षांचे युद्ध संपले. पण झालेल्या तहात चेक निर्वासितांना मायदेशी परतण्याची मोकळीक मिळाली नाही. त्याच वर्षी त्याची दुसरी पत्नीही मुलांना मागे ठेवून निवर्तली.

१६५० साली हंगेरीतील शारोश्पातोक या गावी तेथील राजघराण्याने त्याला शाळा सुधारण्यासाठी बोलावले. मोठ्या उमेदीने तो गेला. परंतु तेथील विद्यार्थ्यांना अभ्यासाची फारशी गोडी नव्हती. त्याचे गाजलेले लॅटिन पुस्तकही लहान मुलांना जड जात होते. शब्द होते, वाक्ये होती. पण मुलांच्या डोळ्यांपुढे वस्तू उभी राहत नव्हती. कोमेनियसने दोष मुलांना दिला नाही. त्याने आपल्याच पुस्तकातील उणीव शोधली. मुलांना नाटके आवडतात हे पाहून त्याने धडेच नाट्यरूपात लिहिले व मुलांकडून रंगभूमीवर करवून घेतले. आणि लहानग्यांसाठी पुष्कळ दिवस मनात घोळत असलेले चित्रांचे पुस्तक त्याने येथेच सिद्ध केले.

पुस्तक लिहून झाले, पण ते छापावयाचे कसे? प्रत्येक प्रकरणासाठी चित्र हवे होते आणि ती कोरणारा कुशल कारागीर तेथे मिळेना. अखेर हस्तलिखित जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे पाठवावे लागले. लाकडी ठशांवर चित्रे कोरता कोरता वर्षे लोटली आणि १६५८ साली ते पुस्तक बाहेर पडले. त्याचे लॅटिन नाव ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’, म्हणजे इंद्रियांना जाणवणाऱ्या जगाचे चित्र.

या पुस्तकाच्या आरंभीच एक चित्र आहे. गुरू आणि बालक समोरासमोर उभे आहेत. गुरू बालकाला बोलावतो आणि सारे जग दाखवीन, प्रत्येक वस्तूचे नाव सांगीन, असे आश्वासन देतो. त्यानंतर येतात अक्षरे. पण ती नुसती मांडलेली नाहीत. प्रत्येक अक्षराजवळ एखाद्या प्राण्याचे किंवा वस्तूचे चित्र असून त्याच्या आवाजातून अक्षराचा उच्चार सुचविलेला आहे. कावळा ओरडतो तो पहिल्या अक्षराचा ध्वनी, कोकरू बें बें करते तो दुसऱ्याचा. बदक, लांडगा, मांजर, कुत्रा, साप असे एकामागून एक येतात आणि आपापले अक्षर देऊन जातात. ज्या मुलाने कोकरू ऐकले आहे, त्याला ते अक्षर कोणी घोकावयास लावण्याची गरजच उरत नाही.

पुढे सुमारे दीडशे प्रकरणे आहेत. प्रत्येकाच्या शिरोभागी चित्र आणि खाली एका बाजूस लॅटिन व दुसऱ्या बाजूस मुलाच्या बोलीतील मजकूर. चित्रातील वस्तूंना आकडे दिलेले असून तेच आकडे मजकुरातील शब्दांनाही दिले आहेत. मुलाने आकडा पाहावा, चित्रातील वस्तू शोधावी आणि शब्द वाचावा. अग्नी, वारा, पाणी, ढग, झाडे, पशुपक्षी, मनुष्यदेह, शेती, पाव भाजणे, मासेमारी, छापखाना, पुस्तकाचे दुकान, शाळा आणि मुलांचे खेळ, असे अवघे जग त्या लहानशा पुस्तकात अवतरले आहे. जे डोळ्यांना दिसत नाही, तेही दाखविण्याची खटपट त्याने केली. आत्म्याचे चित्र कसे काढावयाचे? त्याने नुसत्या ठिपक्यांनी मनुष्याची आकृती रेखाटवून घेतली.

पुस्तक कसे वापरावे, हेही कोमेनियसने प्रस्तावनेत सांगून ठेवले. ते शाळेत जाण्यापूर्वीच मुलांच्या हाती द्यावे आणि मनसोक्त पाहू द्यावे. मोठ्यांनी जवळ बसून हे काय, ते काय, असे विचारत जावे. मुलाने जे पाहिले त्याचे नाव त्याला सांगता यावे आणि ज्याचे नाव घेतले ते दाखवता यावे. शक्य तेथे चित्राबरोबर खरी वस्तूही दाखवावी. कारण रंग आणि चव शाईने दाखवता येत नाहीत. मुलांना चित्रे पाहून स्वतः काढावीशी वाटली, तर त्यांना काढू द्यावीत. सारांश, पुस्तक मुलापुढे टाकून मोठ्यांनी आपल्या कामाला निघून जाणे त्याला अभिप्रेत नव्हते. चित्र, मूल आणि प्रेमाने बोलणारे माणूस, हे तिघे एकत्र आले म्हणजेच वाचनाचे बीज रुजते, हे त्याचे मर्म होते.

हे पुस्तक छापले जाण्यापूर्वीच त्याच्यावर शेवटचा मोठा घाव पडला होता. तो हंगेरीहून लेश्नोला परतला होता. १६५६ च्या एप्रिल महिन्यात स्वीडन आणि पोलंड यांच्या युद्धात ते गाव जाळण्यात आले. कोमेनियस कुटुंबासह कसाबसा निसटला. त्याचे घर, ग्रंथ आणि बहुतेक हस्तलिखिते भस्मसात झाली. त्यांत मातृभाषेचा एक बृहत्कोशही होता. विद्यार्थिदशेपासून, चाळीसहून अधिक वर्षे, त्याने एकेक शब्द वेचून तो सिद्ध केला होता. परदेशात राहून मायबोलीसाठी केलेले हे तप एका रात्रीत राख झाले. या हानीचे दुःख तो मरेपर्यंत विसरू शकला नाही.

चौसष्ट वर्षांचा हा वृद्ध निर्वासित अखेर हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम नगरात आला. तेथील एका उदार कुटुंबाने त्याला आश्रय दिला. १६५७ साली त्याचे शिक्षणविषयक सर्व ग्रंथ एकत्र प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी चित्रांचे ते पुस्तक. युरोपातील घराघरांत ते पोहोचले. १६५९ साली त्याचे इंग्रजी रूपांतर झाले. पुढे इतर अनेक भाषांत झाले. १६८५ साली लेव्होचा येथे निघालेल्या चार भाषांच्या आवृत्तीत त्याच्या चेक मातृभाषेलाही स्थान मिळाले. पण ती पाहण्यास तो उरला नव्हता. पुढील शतकात जर्मन महाकवी गटे याच्या बालपणीही हे पुस्तक मुलांच्या हाती होते.

१५ नोव्हेंबर १६७० रोजी ॲम्स्टरडॅम येथे कोमेनियसने देह ठेवला. जवळच्या नार्डेन गावी त्याला चिरविश्रांती मिळाली. सर्व मानवजातीच्या सुधारणेविषयीचा त्याचा महाग्रंथ अपुराच राहिला. ज्या देशाने त्याला घालवून दिले, त्या देशात आणि शेजारच्या स्लोव्हाकियात आज त्याचा जन्मदिवस शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. १९५६ साली नवी दिल्ली येथे भरलेल्या युनेस्कोच्या अधिवेशनात त्याच्या ग्रंथांच्या त्रिशताब्दीनिमित्त त्याचे निवडक लेखन प्रसिद्ध करण्याचे ठरले व १९५७ साली ते प्रसिद्ध झाले.

कोमेनियसच्या आयुष्यात आग पुनःपुन्हा आली. गाव जळाले, ग्रंथ जळाले, जन्मभराचे परिश्रम जळाले. स्वतःची पहिली दोन मुले तर त्याने अंगाखांद्यावर खेळवण्याच्या वयातच गमावली. तरीही त्याने जगातील मुलांसाठी कावळा, कोकरू आणि बदक यांची चित्रे जमवली आणि त्यांच्याजवळ अक्षरे मांडली. मोठमोठे ग्रंथ राख झाले, परंतु बालकांसाठी केलेले ते लहानसे पुस्तक शतकानुशतके टिकले. आजही एखादी आई किंवा आजोबा लहानग्याला जवळ घेऊन चित्रावर बोट ठेवतात आणि हे काय आहे, असे विचारतात, तेव्हा आईची ती शाळा पुन्हा भरते. त्या शाळेला ना भिंती लागतात, ना छडी. लागतो तो थोडा वेळ आणि पुष्कळशी माया.